उतारावरचं पिल्लू

पानगळ लागली, रानहंसांचे थवे खाडीवर उतरू लागले, आणि त्याच आठवड्यात समुद्रातून आलेल्या एका सील मादीने धक्क्याच्या उतारावर पिल्लू घातलं. पांढरंशुभ्र, कापसाच्या उशीएवढं. होडी पाण्यात लोटायची वाट नेमकी तीच.

होडीवाल्या बाईंनी वल्ही उचलून घरात ठेवली आणि पाटीवर खडूने लिहिलं: ‘पिल्लू पाण्यात जाईपर्यंत होडी बंद.’

“बाई, त्याला जरा बाजूला सरकवा की!” पोस्टमन कुरकुरला.

“तुम्हीच सरकवा. आई आली की तिच्याशीही तुम्हीच बोला.”

आईचे दात आठवून पोस्टमनने पायपीट पत्करली. खाडीला वळसा घालून पलीकडे जायला तीन तास लागायचे. हळूहळू सगळेच चालू लागले. सकाळी धुकं इतकं दाट असायचं, की माणसं एकमेकांना हाका देत जायची आणि चिखलात किडे टिपणारे लांब चोचीचे पक्षी त्यांच्या पायांशी येईपर्यंत उडायचे नाहीत.

पाचव्या दिवशी बाईंची नणंद आली. पलीकडच्या काठावर तिची बेकरी. भाऊ गेला तेव्हा वहिनीने वेळेवर कळवलं नाही, हा राग तिने चार वर्षं धरला होता. होडीत बसायची ती पाठ फिरवून. तोंडातून चकार शब्द नाही.

“वहिनी, माझी पिठाची पोती या काठावर अडकलीत! काय मांडलंयस हे?”

“हळू बोला, वन्सं. आत्ताच झोपलंय.”

नणंदेने वाकून पाहिलं. पिल्लाने झोपेतच जांभई दिली. ती तिथेच बसली आणि तिने ओले बूट काढले.

“त्या दिवशी मला का नाही कळवलंस?”

“त्यांनीच अडवलं. म्हणाले, वारा सुटलाय, धाकटी ऐकायची नाही, तशीच होडी घेऊन निघेल. वारा पडला की सांग.” बाई थांबल्या. “वारा पडेपर्यंत ते राहिले नाहीत.”

“मग इतकी वर्षं हे बोलली का नाहीस?”

“तुम्ही पाठ फिरवून बसायचात.”

“पाठीला सांगायचंस!” म्हणताना नणंदेला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडू लागली. बाईंनी तिचे ओले मोजे काढून उन्हात टाकले.

मग ती रोजच यायची, कधी ताजे पाव घेऊन. पिल्लाची पांढरी लव गळत होती, खालचा राखाडी रंग दिसत होता. एकोणिसाव्या दिवशी दुपारचं ऊन मऊ होतं, वर हंसांचा कलकलाट चालू होता, आणि दोघींचाही भिंतीला टेकून डोळा लागला. जाग आली तेव्हा भरती उतारावर चढली होती. पिल्लू नव्हतं.

“आपण झोपलो होतो, वहिनी.”

“बरं झालं. निरोप घ्यायला मला कधीच जमत नाही.”

दूर पाण्यावर एक काळं डोकं वर आलं, क्षणभर इकडे पाहून बुडालं. तेच होतं की दुसरं, कोण जाणे.

“आज मी इथेच राहते,” नणंद म्हणाली. “भट्टी उद्या पेटवीन.”