अकरा वेळा छान

ऑफिसच्या भिंतीवर अकरा रंगीत चिठ्ठ्या आणि सगळ्यांवर एकच शब्द: छान. अकरा वयस्कर माणसांना आमचा गोळ्यांचा डबा वापरायला दिला होता आणि फोनवर विचारलं तर एकानेही नाक मुरडलं नव्हतं. साहेब खूश. सोमवारी डब्याचं डिझाइन साचा बनवायला जाणार होतं. एकदा साचा बनला की डब्यात तसूभर बदल होत नाही.

डबा माझ्या डोक्यातून निघालेला. सात वारांचे सात कप्पे, गोळ्या सांडू नयेत म्हणून प्रत्येक झाकणाला घट्ट खटका. अकरावी चिठ्ठी माझ्या आत्याची. जन्मभर शिवणकाम केलं, आता बोटं वाकडी झालीत आणि रक्तदाब जडलाय. हा डबा तिच्यासारख्यांसाठीच आहे, असं मी मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं.

शुक्रवारी दुपारी नमुना परत आणायला गेले, तर आत्या दाराची चौकट धरून उभी.

"काही नाही गं, जरा गरगरतंय."

डबा शिलाई मशीनवर होता. उचलला तर खुळखुळला. मीच भरून दिलेल्या गोळ्या मंगळवारपासून जशाच्या तशा. सोमवारच्या झाकणावर कात्रीचे ओरखडे.

"गोळ्या घेतल्या नाहीस?"

"विसरले असेन."

चाळीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकांची मापं जिला तोंडपाठ, ती म्हणे विसरली!

"उघडून दाखव बरं."

तिने अंगठा लावला. निसटला. पुन्हा लावला. नखं पांढरी पडली, खटका ढिम्म हलेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झाकण उघडून आधी गोळी दिली, डॉक्टरांना फोन लावला आणि मग तिच्यावरच चिडले.

"मग फोनवर छान का म्हणालीस?"

"तू विचारलंस, 'आत्या, माझा डबा कसा वाटला?' तुझा म्हटल्यावर काय सांगू, कपाळ?"

बाकीच्या दहा जणांनाही आम्ही 'आमचा डबा कसा वाटला' असंच विचारलं होतं. माणसं बिचारी भिडस्त.

माझी नजर तिच्या टाचण्यांच्या खोक्यावर गेली. काडेपेटीसारखा खण, त्याला तिनेच शिवलेला फितीचा फास. त्यात बोट अडकवून ती खण सहज ओढायची. गेली कित्येक वर्षं ते खोकं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

सगळं ऐकून साहेबांनी डोक्याला हात लावला, पण साचा थांबवला. दहाही जणांच्या घरी जाऊन आम्ही तोंड मिटून नुसतं बघत बसलो. सहा जणांना खटका उघडता आला नाही.

तीन आठवड्यांनी नवा नमुना आत्यापुढे ठेवला. सात खण, सात फिती.

"कुणाचा आहे हा?" तिने संशयाने विचारलं.

"कुणाचा का असेना. उघड."

तिने फितीत वाकडं बोट अडकवलं, ओढलं. खण अलगद बाहेर आला. तिने तो चार वेळा उघडला, मिटला आणि मग डबा दूर धरून न्याहाळला.

"रंग अगदीच घाणेरडा आहे गं."

तिचं हे वाक्य चिठ्ठीवर लिहून मी ऑफिसच्या भिंतीवर मधोमध लावलं.