मरियामातेच्या नाकासमोरची सळई

रविवारी सकाळी पावणेआठ वाजता वाल्लेस्कुरा या आमच्या डोंगरी गावात जमीन हलली. घंटेचा मनोरा चौकात कोसळला. चर्चच्या छपराचा एक कोपरा आत आला. उत्तरेची भिंत दरीकडे कलली, आणि तिच्यात व मरियामातेच्या चित्राच्या भिंतीत हात जाईल एवढी फट पडली. माणूस एकही दगावला नाही. प्रार्थनेला अजून अवकाश होता. आत होतो आम्ही दोघीच, मरियामाता आणि मी.

मी एक जुनी लोखंडी ताणसळई आहे. मित्रांनो, माझी ओळख तुम्हाला नसेल, कारण मला बघायला कोणी येत नाही. वेदीच्या वर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी आडवी गेलेली असते. माणसाच्या कमरेला करदोटा असतो ना, तशी चर्चला मी. उत्तरेची आणि दक्षिणेची भिंत मी एकमेकींपासून लांब जाऊ देत नाही. त्या दोघी जागेवर राहिल्या, की मधली चित्राची भिंत दोन तळव्यांत धरलेल्या पत्त्यासारखी सरळ उभी राहते. एका बाजूने तळवा सुटला, की पत्ता पडलाच म्हणून समजा.

आमच्या डोंगरांत भूकंप जुन्या पाहुण्यासारखा येतो. उशीर करतो, पण पत्ता विसरत नाही. असाच एकदा तो येऊन गेला आणि भिंती फाकल्या, तेव्हा माझा जन्म झाला. वेनान्झो नावाच्या लोहाराने मला घडवले. दोन्ही टोकांना डोळे ठेवले, ते भिंतींच्या बाहेर काढले आणि प्रत्येक डोळ्यातून एक उभी जाड खीळ घातली. मग त्याने माझ्या पोटाखाली कोळशाची शेगडी टांगली. मी लाल झाले. लाल झालेले लोखंड लांबते, तशी मीही लांबले. त्याच क्षणी बाहेरच्या माणसांनी खिळी आणि भिंती यांच्यामध्ये पाचरी ठोकल्या. शेगडी काढली. मी गार होऊ लागले. गार होणारे लोखंड आखडते, आणि आखडताना ज्याला धरले असेल त्याला ओढून आणते.

"ओढ, पोरी, ओढ!" वेनान्झो खालून ओरडत होता.

आणि मी ओढले! एवढ्या मोठ्या दगडी भिंती, त्या माझ्यामागून आल्या. तो आवाज मला अजून आठवतो. कुरकुरत, धूळ सांडत, पण आल्या.

त्यानंतर माझे कौतुकाचे दिवस होते. भूकंपापासून राखणाऱ्या संत एमिदिओच्या सणाला, भर उन्हाळ्यात, गाव चर्चमध्ये जमे. प्रार्थना झाली की चर्चची किल्लीवाली बाई चेस्टनटच्या लाकडाच्या लांब काठीने माझ्यावर एक टोला मारी. मी घट्ट असले तर टणकन वाजे. लोक टाळ्या वाजवत आणि बाहेर जाऊन कलिंगड कापत. आवाज बसका आला, तर आधी पाचरी ठोकायच्या आणि मग कलिंगड, असा रिवाज होता. हल्लीची किल्लीवाली सेत्तिमियामावशी. तिचा टोला फार जोरकस. तिच्या नवऱ्याला विचारा, असे गाव म्हणते.

पण मित्रांनो, कौतुकालाही गंज चढतो. माझ्या बाबतीत तो कॅमेऱ्यामुळे चढला.

भिंतीच्या गिलाव्यावरच रंगवलेली आमची मरियामाता सुंदर आहे. निळा झगा, मांडीवर बाळ, आणि पायाशी चेस्टनटच्या फळांची टोपली. दाराशी उभे राहून पाहिले, तर मी नेमकी तिच्या नाकासमोर येते. पूर्वी याचे कोणाला काही वाटत नसे. मग लग्नांचे फोटो निघू लागले. नवरा हसतोय, नवरी लाजतेय आणि मागे मरियामातेच्या तोंडावर काळी रेघ.

"फादर, देवाच्या आईला मिशा आहेत असं दिसतं हो!" एका नवरीच्या आईने फादर एजिदिओंना ऐकवले. "शेजारच्या गावचं चर्च बघा. कसं मोकळं! माझ्या धाकटीचं लग्न तिकडेच करीन मी."

लग्ने शेजारच्या गावाला जातात, याहून मोठा अपमान वाल्लेस्कुराला माहीत नाही. सभा बसली. मला कापायचे ठरले.

"आणि जमीन हलली तर?" सेत्तिमियामावशीने विचारले.

"मावशी, सिमेंट निघालंय आता. काळ बदलला," सभेतले एक जण म्हणाले.

"सिमेंट निघालंय, पण ते आमच्या भिंतीत कुठाय? तिथं चुनाच आहे ना?"

फादरनी मधला मार्ग काढला. दक्षिणेच्या खिळीमागे दोन पाचरी होत्या. त्यांतली एक काढून पाहू, भिंत जागची हलली नाही तर सळई नकोच, असे ते म्हणाले. पाचर काढली. भिंत हलली नाही. कशाला हलेल? जमीनच हलली नव्हती! पण गाव खूश झाले. माझी कापणी शरदातली शेवटची लग्ने उरकल्यावर ठेवली होती. त्याआधीच तो रविवार आला.

उरलेल्या एका पाचरीवर मी तो धक्का झेलला. भिंत बाहेर जायला निघाली आणि मी ताणले गेले. परत आली आणि पाचर निसटून गल्लीत पडली. मी जागेवर होते, पण ढिली. झोळण्यासारखी लोंबकळत होते. माझ्यामागे मरियामातेची भिंत एका कडेने सुटून उभी होती. अजून एक धक्का पुरे होता.

दुपारपर्यंत बंबवाले आले. त्यांचे कप्तान नाझारेनो, धिप्पाड आणि कमी बोलणारे. त्यांच्यामागोमाग ओत्ताविया आली. चित्रे दुरुस्त करणे हे तिचे काम. आमच्या मरियामातेचा झगा तिने कित्येक वर्षे कापसाच्या बोळ्यांनी पुसून निळा केला होता. गाडी नीट थांबायच्या आतच तिने उडी मारली.

"कोणीही आत पाऊल टाकायचं नाही," कप्तान म्हणाले.

"मला चित्रावर कागद आणि जाळीचं कापड चिकटवू द्या. मग भिंत पडली तरी रंगाचे तुकडे एकत्र राहतील. मी एकटी जाते."

"बाई, चार माणसं गेली तर चार आयांना तोंड द्यावं लागतं. तुम्ही गेलात तर एका आईला. मला तेही नको."

"मग भिंतीला टेकू द्या!"

"कुठून देऊ? त्या बाजूला दरी आहे. खालून लाकडाचा सांगाडा उभारायचा तर आठवडे जातील. जमीन थांबेल का तोवर?"

जमिनीने तिथल्या तिथे उत्तर दिले. लहानच धक्का होता, पण फटीतून चुन्याची धार लागली. ओत्तावियाने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि चित्राकडे बघता बघता ती माझ्याकडे बघू लागली. खूप वेळ बघत राहिली. माझ्या मधल्या भागावर निळसर काळी पापुद्र्यांची पट्टी आहे, वेनान्झोच्या शेगडीची खूण.

"कप्तान," ती म्हणाली, "ही तापवून बसवलीय."

कप्तानांनी दुर्बीण घेतली. "म्हणजे पुन्हा तापवता येईल. पण एक आहे. तापली की ती आणखी ढिली पडणार. लाल असेपर्यंत भिंतीला कोणीही धरलेलं नसेल. तेवढ्यात मोठा धक्का आला, तर आपणच भिंत पाडली असं होईल."

"आत्ता तरी कोण धरतंय?" सेत्तिमियामावशी मागून म्हणाली. "एक पाचर गल्लीत पडलीय. ती मी उचलून आणलीय. दुसरी कुठाय ते फादरना विचारा."

सगळ्यांनी फादर एजिदिओंकडे पाहिले.

"ती माझ्या जेवणाच्या टेबलाच्या पायाखाली आहे," फादर म्हणाले. "टेबल डुगडुगतं."

"आता अख्खं गाव डुगडुगतंय, फादर! पळा!"

डोक्यावर बंबवाल्यांचे शिरस्त्राण आणि सोबत एक जवान, असे फादर आपल्या तडे गेलेल्या घरात शिरले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात पाचर होती आणि दुसऱ्या हातात मऊ सॉसेजचा, मसाला घातलेल्या मांसाचा, मोठा लांबट गोळा.

"वा!" मावशी म्हणाली. "आणि टेबल?"

भूकंपानंतर गाव पहिल्यांदा हसले.

मग मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात थरारक तास सुरू झाला! शिडीच्या गाडीचा पाळणा छपराच्या भोकातून आत उतरला. त्यात स्वतः कप्तान होते, हातात गॅसची ज्योत घेऊन. दुसऱ्या पाळण्यातून दोन जवानांनी बांबूंवर ओल्या घोंगड्या धरल्या होत्या, म्हणजे झळ मरियामातेला लागू नये. दक्षिणेच्या गल्लीत दोघे घण घेऊन तयार. ज्योत माझ्या पोटाला लागली आणि इतक्या काळानंतर मला ऊब आली. मी काळीची तांबडी झाले, तांबडीची नारिंगी झाले. मी लांबू लागले. खीळ भिंतीपासून सरकली. बोटभर, आणखी थोडी.

आणि जमीन गुरगुरली.

"कप्तान, बाहेर या!" खालून कोणीतरी ओरडले.

कप्तानांनी ज्योत हलवली नाही. धूळ पडत होती. पाळणा झुलत होता. मी लाल होते, सैल होते, आणि माझ्या हातांत काहीच नव्हते. लोखंडाने घाबरू नये म्हणतात. पण मी घाबरले होते.

"गल्ली! हाण!" कप्तान ओरडले.

घण पडले. एक पाचर बसली. दुसरी, टेबलाखालची, तिरकी शिरली. "काढ! सरळ कर! हाण!" ती बसली. ज्योत विझली.

आता माझे काम होते. मी गार होऊ लागले, टिकटिक आवाज करत आखडू लागले, आणि भिंतीला ओढू लागले. पूर्वी ती तरुण होती, ताज्या चुन्याची होती. आता म्हातारी, पोटात माती झालेली. तरी आली! फट हाताएवढी होती ती दोन बोटांवर आली. नेमका तेव्हा मोठा धक्का आला.

तो मी कसा झेलला ते मला शब्दांत सांगता येणार नाही. अर्धी गरम होते मी. दोन्ही खिळी किंचाळल्या. चित्राच्या खालच्या कडेचा गिलावा सुटला आणि चेस्टनटची टोपली खाली पडून तिचा चुरा झाला. मरियामाता राहिली. भिंत राहिली.

धूळ बसल्यावर सेत्तिमियामावशी कोणालाही न विचारता आत वेदीपर्यंत गेली आणि तिने काठी उंच करून मला टोला मारला. टण्ण! गल्लीतल्या दोघांनी घण खाली टाकून टाळ्या पिटल्या.

"जा, बाई," कप्तान ओत्तावियाला म्हणाले. "पण घाई करा."

तिने आणि तिच्या साथीदारांनी पाळण्यात उभे राहून, अंधार पडायच्या आत, पातळ कागद आणि जाळीचे कापड सरसाने चित्रावर चिकटवले. चेहरा शेवटी राहिला, कारण तो माझ्या अगदी मागे होता. हात पोहोचावा म्हणून ती माझ्यावर कोपर टेकून झुकली. मी अजून कोमट होते. खाली फादर एजिदिओ टोपलीचा रंगीत चुरा चाळणीने गाळत गुडघ्यांवर बसले होते.

हिवाळा बर्फाखाली गेला. दरीच्या बाजूला लाकडाचा सांगाडा उभा राहिला. छपरावर पत्रे आले. माझ्याबद्दल दोन मते झाली आहेत. काही म्हणतात, नवी पोलादी सळई चेहऱ्याच्या वरून न्यावी आणि हिला उतरवावे. काही म्हणतात, हिला हातही लावू नका. सभेत आरडाओरडा झाला. निर्णय झालेला नाही. नवी बहीण आली तर मला हेवा वाटणार नाही. माझे मागणे एवढेच आहे, मित्रांनो: जुन्या इमारतीत एखादे कुरूप लोखंड दिसले, तर ते का आहे हे आधी विचारा. भूकंप आलेला नसताना भिंत उभी राहिली, यावरून काहीच ठरत नाही. आणि जे धरून ठेवते, त्याला वर्षातून एकदा तरी टोला मारून पाहा. ते उत्तर देते.

जाळीचे कापड काढायचा दिवस आज आहे. त्याखालचा रंग भिंतीला धरून आहे की कापडाला चिकटून निघणार, हे ते उचलेपर्यंत कळत नाही. सकाळी ओत्तावियाने कोमट पाण्याच्या बोळ्यांनी पहिला कोपरा भिजवला. खाली फादर, मावशी आणि सुट्टी काढून आलेले कप्तान उभे आहेत. ओत्तावियाने चिमट्याने कोपरा उचलला आहे. कापडाच्या आतल्या बाजूला थोडे निळे दिसते आहे. ते किती आहे, हे ती भिंग लावून पाहते आहे. अजून तिने काही सांगितलेले नाही.