तिसरा विश्वस्त

खातं उघडायच्या बँकेच्या अ‍ॅपने डेक्लनचा चेहरा पुन्हा नाकारला, तेव्हा सानिकाने फोन बाजूला ठेवला आणि त्याच्या पलंगावरची चादर उगाचच सारखी केली. पासपोर्टच्या फोटोतला डेक्लन गुबगुबीत, लालबुंद गालांचा होता. हॉस्पिसच्या पलंगावर त्याची फक्त हाडं उरली होती. कॅन्सरने गाल नेले, केस नेले, आणि अ‍ॅपच्या मते हा माणूसच वेगळा होता.

"बँकेला सांग, मीसुद्धा आरशात ओळखत नाही स्वतःला," डेक्लन म्हणाला. हसायला गेला आणि खोकत राहिला.

सानिका हसली नाही. तिच्याकडे वेळ नव्हता.

तिचा नवरा अभिजित सायकलवरून ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसला जायचा. एका सकाळी वळणावर ट्रकने त्याला उडवलं, आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. डून लेरीमधल्या आपल्या घरी परतल्यावर तो काम करायचा, पण कॅमेरा बंद ठेवून. पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला की साधा फोन लावायला सांगायचा. मित्र यायचे बंद झाले, कारण तो आतल्या खोलीतून बाहेरच येत नसे. त्या खोलीच्या बंद दाराशी सानिका किती संध्याकाळी कान लावून उभी राहिली असेल, ते तिलाच माहीत.

डेक्लन त्यांना रिहॅब हॉस्पिटलात भेटला होता. तरुणपणी ट्रॅक्टर उलटून तोही व्हीलचेअरवर आलेला. तो नव्या पेशंटांशी गप्पा मारायला यायचा. अभिजित उत्तर देत नसे, तरी त्याच्या डिस्चार्जनंतर डेक्लन घरी येऊन थडकला. "चल, तुला विकलोच्या डोंगरात नेतो. तिथे कोणी तुझी कीव करणार नाही. नेम चुकला तर शिव्या मात्र देतील."

तिथे एक शूटिंग रेंज होती. डेक्लनच्या स्वतःच्या चार रायफली होत्या आणि बसून नेमबाजी करणाऱ्यांसाठी त्याने त्या वर्षानुवर्षं घडवत आणल्या होत्या. कुणाला दस्ता आखूड करून दिलेला, कुणाचा हात लुळा म्हणून खाली स्प्रिंगचा स्टँड लावलेला. अभिजित पहिल्या दिवशी घरी आला तो भूक लागली म्हणत. अपघातानंतर त्याने स्वतःहून जेवण मागितलं ते तेव्हा पहिल्यांदा. त्यानंतर रेंजपुरता तरी तो घराबाहेर पडू लागला.

आता डेक्लन चालला होता. बायको नाही, मुलं नाहीत. त्याच्यामागे सगळं गॉलवेला राहणाऱ्या पुतण्याकडे जाणार होतं, आणि पुतण्या रायफली विकून टाकणार हे त्याने लपवलंही नव्हतं. म्हणून डेक्लनने सॉलिसिटरकडून एक फायरआर्म्स ट्रस्ट, म्हणजे बंदुकांचा ट्रस्ट, करून घेतला; रायफली रेंजवरच्या व्हीलचेअरवाल्यांसाठीच राहाव्यात म्हणून. विश्वस्त तिघं: तो, सानिका आणि सॉलिसिटर. अडचण एकच होती. विमा उतरवल्याशिवाय रायफली ट्रस्टच्या नावावर होणार नव्हत्या, आणि विमा कंपनीला पैसे ट्रस्टच्याच बँक खात्यातून हवे होते. हे सगळं डेक्लन जिवंत असतानाच व्हायला हवं होतं.

पहिल्या बँकेने ट्रस्टची खातीच उघडत नसल्याचं सांगितलं. दुसऱ्या बँकेचा ऑनलाइन अर्ज 'फायरआर्म्स' शब्द टाइप केला की पुढेच सरकेना. तिसऱ्या बँकेच्या शाखेत ग्रोन्या नावाची बाई होती. तिने निदान बसायला खुर्ची दिली.

"नावात बंदुका आहेत ना, म्हणून अर्ज वर तपासणीला जाणार," ग्रोन्या म्हणाली.

"नाव बदललं तर?"

"मग ट्रस्टचं डीड, सगळा दस्तच नव्याने करावा लागेल."

"तेवढे दिवस नाहीत हो आमच्याकडे. आणि त्यांचा चेहरा अ‍ॅप घेतच नाही. तुम्ही हॉस्पिसमध्ये येऊन बघा ना. तेच आहेत, मी सांगते ना, तेच आहेत!"

आपला आवाज चढलाय हे सानिकाला रांगेतली माणसं वळून बघायला लागली तेव्हा कळलं. ती रडत होती. ग्रोन्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मला बाहेर जाऊन ओळख पटवायची परवानगी नाही. त्यांना इथे आणता येईल का?"

"ते उठून बसूही शकत नाहीत."

ग्रोन्याने आवाज खाली आणला. "मग एकच मार्ग आहे. त्यांच्या जागी दुसरा विश्वस्त घ्या."

हे डेक्लनला कसं सांगायचं? त्याचा ट्रस्ट, त्याच्या रायफली, आणि त्याचंच नाव काढायचं? हॉस्पिसमध्ये तिने पुन्हा त्याची चादर सारखी केली. शेवटी त्यानेच विचारलं, "मी आड येतोय, हो ना?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग खोड माझं नाव. सॉलिसिटरला बोलाव, हात चालतोय तोवर सही करतो." मग थोडं थांबून म्हणाला, "पण डीडमध्ये मीच घालून ठेवलंय. एक विश्वस्त व्हीलचेअरवरचा हवा. धडधाकट माणसांवर माझा भरवसा नाही."

त्या रेंजवर खुर्चीतले आणखी तिघं होते. दोघं शाळेत जाणारे, आणि तिसऱ्याकडे चालू पासपोर्ट नव्हता. उरला अभिजित.

सानिकाने घरी येऊन कोटही न काढता त्याला सांगितलं.

"मला नको यात ओढूस," तो खिडकीकडे बघत म्हणाला.

"फक्त सही आणि चेहरा दाखवायचा आहे, अभि."

"फक्त? विश्वस्त म्हणजे वर्षानुवर्षांची जबाबदारी. पुढच्या वर्षी मी कसा असेन, असेन की नाही, हे मला तरी कुठे माहीत आहे?"

हे तो इतक्या सरळ कधी बोलला नव्हता. सानिका कोटासकट त्याच्यासमोर बसली.

"तो तिकडे मरतोय," ती कशीबशी म्हणाली, "आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव खोडतोय. मी दोन वर्षं एकटी धावतेय रे. आता नाही होत माझ्याने. खरंच नाही होत."

त्याने खुर्ची वळवली आणि आतल्या खोलीत गेला. सकाळी मात्र दाढी करून दाराशी तयार होता. "मला त्याच्याकडे ने," एवढंच म्हणाला.

हॉस्पिसमध्ये सॉलिसिटरचे कागद तयार होते. डेक्लनने राजीनाम्यावर सही केली, खाली उतरत गेलेली, वाकडीतिकडी. अभिजितने तिच्याखाली नवा विश्वस्त म्हणून आपली केली. मग त्याने सानिकाचा फोन घेतला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसताच त्याने फोन क्षणभर खाली घेतला. सानिका मदतीला पुढे झाली तर त्याने मानेनेच नको म्हटलं. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, अ‍ॅप सांगत गेलं. मग हिरवी खूण आली.

"ग्रँड, झकास," डेक्लन पुटपुटला आणि डोळे मिटले.

पण तपासणी संपेना. बँकेकडून प्रश्न येत राहिले. रायफली कुठे ठेवणार? कोण वापरणार? दोन भारतीय विश्वस्तांचा या बंदुकांशी संबंध काय? सानिका प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी पाठवायची आणि ग्रोन्याला फोन करायची. "मी वर सांगितलंय," ग्रोन्या म्हणायची, "त्यांना सांगितलंय की माणूस मरणाच्या दारात आहे." तोवर डेक्लनची शुद्ध गेली होती. सानिका त्याच्या पलंगाजवळ बसून मेल उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची.

डेक्लन पहाटे गेला. त्याला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेचा मेल आला. खातं उघडलं होतं.

सॉलिसिटरने फोनवर तिचं सगळं ऐकून घेतलं. "उशीर झाला, सानिका. रायफली आता पुतण्याच्या. सध्या त्या रेंजजवळच्या गावातल्या एका बंदूक विक्रेत्याच्या कपाटात आहेत. पुतण्याने विकायचं ठरवलं तर आपण अडवू शकत नाही."

तिने फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली. एवढी धावाधाव, आणि हातात काय आलं? एका रिकाम्या खात्याचा नंबर. तिला डेक्लनसाठी रडायलासुद्धा सवड मिळाली नव्हती. ते रडू आता आलं, आणि थांबेना.

अभिजितची खुर्ची दारात आली. "पुतण्याचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"काय उपयोग?"

"दे तरी."

अपघातानंतर त्याने अनोळखी माणसाला फोन केल्याचं तिला आठवत नव्हतं. पलीकडून पुतण्या इतका चिडून बोलत होता की अभिजितने फोन कानापासून जरा लांब धरला. मग म्हणाला, "मी तुमच्याकडे रायफली फुकट मागत नाहीये. मी ट्रस्टचा विश्वस्त आहे. त्या चार रायफलींमागे कोण कोण बसतं, ते एकदा येऊन बघा. मग विकायच्या तर विका."

फोन संपला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"देणार नाही म्हणाला," अभिजितने सांगितलं. "पण मार्चपर्यंत विकणार नाही. त्याआधी एकदा रेंजवर येईन म्हणाला. कदाचित."

"कदाचित?"

"कदाचित." त्याने टिश्यूचा बॉक्स तिच्याकडे सरकवला. "ऊठ आता. फरशी गार आहे."