मुहूर्ताआधीची तपासणी

दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याचा चहा केला की दूध फाटतं. त्यामुळे तिथं लग्न ठरलं की मंडपाच्या आधी टँकर सांगावा लागतो. गोड्या पाण्याचे टँकर पुरवणारी एक संस्था होती, तिच्या संगणकात गावोगावचे नंबर लागत. लागोपाठ काही वर्षं कपाशीनं दगा दिलेला, विहिरी तळाला गेलेल्या, खासगी टँकर सरकारी फेऱ्यांना लागलेले. त्या उन्हाळ्यात संस्थेच्या दारात नंबरासाठी झुंबड होती. अब्दुल रहीम यांनी थोरल्या लेकीच्या, कहकशाँच्या निकाहासाठी सोमवारचा टँकर केव्हाच सांगून ठेवला होता.

धाकटी लेक जेबा त्याच संस्थेत संगणकावर बसायची. जुना प्रोग्राम रखडत चालायचा, म्हणून अमरावतीहून एक नवं साधन आणलं होतं. त्याला डेटाबेस दाखवला की ते सगळे स्क्रीन आपोआप तयार करून द्यायचं. पण त्याच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर बजावलं होतं, आधी तपासा. चाचणीसाठी वेगळा डेटाबेस आहे का, खऱ्याची नक्कल काढली का, साधनाला कोणते अधिकार दिलेत. जेबानं चाचणीचा डेटाबेस मांडला होता. नक्कल तेवढी राहिली होती, ती अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी काढायची.

आणि नेमकं अखाजीलाच अध्यक्ष वामनरावांनी उद्घाटन धरलं. सकाळीच लाईट गेली. इन्व्हर्टर होता, पण तो लाऊडस्पीकरला जोडलेला.

"साहेब, जरासा स्पीकर बंद ठेवा न. मले नक्कल काढू द्या," जेबा म्हणाली.

"अन् पाहुण्याइले काय खुणा करून बलावू? नक्कल उद्या काढजो."

लाईट आली तेव्हा मुहूर्त दारात येऊन उभा होता. संगणकाला हार घातला, माऊसला कुंकू लागलं. वामनराव नारळ घेऊन पुढं झाले आणि स्क्रीनकडे बघून थांबले.

"हे 'गाव एक, गाव दोन' काय आहे? असं गाव कुठं आहे आपल्याकडं?"

"ते खोटं आहे साहेब. चाचणीचं."

"सणाच्या दिवशी खोट्यापुढं नारळ फोडू? देवाची थट्टा करतं का, पोरी? खरं लाव."

"खऱ्यावर अजून तपासलं नाही. जुने नंबर पुसले जाऊ शकतात."

"जाऊ शकतात का जातातच?"

"ते तपासल्याबिगर कसं सांगू?"

"म्हणजे जातीनच असं नाही. धर्मपाल, लाव रे खरं."

सचिव धर्मपालकडे पासवर्ड होता. तो खुर्चीवर बसता बसता पुटपुटला, "मी नारळ मानत नाही ताई, पण अध्यक्षाले मानाच लागते." जेबानं हात पुढं केला. पण अडवायचं कोणाला, आणि कशाच्या जोरावर? नारळ फुटला, वामनरावांनी बटण दाबलं, टाळ्या वाजल्या. हिरवेगार, देखणे स्क्रीन एकामागून एक उघडत गेले. गावांच्या रकान्यात काहीच नव्हतं.

"वा! किती साफसुतरं दिसून राहिलं!" वामनराव खूश झाले.

जेबानं घाईघाईनं जुना प्रोग्राम उघडला. तिथंही सगळं कोरं.

टँकरवाला देवमन डोकं खाजवत म्हणाला, "माह्या ध्यानात उद्या रविवारपर्यंतच्या फेऱ्या हाये. पुढचं मले तुमीच सांगत होते न, ताई."

दुपारी निर्णय झाला. ज्याचा फोन आधी, त्याचा नंबर आधी. बातमी गावोगाव पसरली आणि फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. जेबा एका हातानं पुसलेलं परत मिळतं का ते बघत होती, दुसऱ्या हातानं आलेली नावं भरत होती. सोमवार कधी भरला ते तिलाही कळलं नाही.

शेवटी ती वामनरावांसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, सोमवारचा टँकर आमच्या घरचा होता. ताईचा निकाह आहे."

वामनराव चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "असंन, पोरी. पण मशीन तुह्या हातात होती. तुह्या घरचा नंबर मी आज धरला, तर गाव म्हणन, हिनंच पुसलं अन् हिनंच लावून घेतला. तोंड कोणाकोणाचं धरशीन?"

त्यांनी खडसावलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं. तिनं धर्मपालकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

संध्याकाळी अब्बांचा फोन आला. आवाजात लग्नघराचा गलका होता.

"बेटा, बावर्ची पूछ रहा है. टँकर सुबह आता के दोपहर में?"

जेबानं सगळं सांगितलं. पलीकडचा गलका तसाच चालू होता. अब्बा हळूच, जणू तिचीच काही चूक होत असेल तर ती सुधारून द्यावी तसे म्हणाले, "पर तू तो वहींच बैठी है ना, बेटा?"

"हौ अब्बा," जेबा म्हणाली. समोर सोमवारच्या रकान्यात दुसऱ्याच गावाचं नाव होतं. ते तिनंच भरलं होतं.