द्वारकाबाईंची वावटळ

मच्छिंद्र शेलारांनी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वाघोलीच्या घरी एक ड्रिल मशीन न् एक ब्लोअर आणून कपाटात ठेवले. त्यांना घरात कुणी हात लावायचा नाही, असं बजावलं. बायको द्वारकाबाईंच्या चोवीस कोंबड्यांचं काम कसं चुकतंय, ते मात्र रोज खुर्चीत बसून सांगायचे.

एका सकाळी ते दात काढायला सदाशिव पेठेत गेले. ते कोपऱ्यावर वळताच द्वारकाबाईंनी कपाट उघडलं.

ताकाच्या रवीचा दांडा तासून त्यांनी ड्रिलच्या तोंडात बसवला. कोंबड्यांच्या खाण्याचा जो भरडा कालवताना रोज खांदे भरून यायचे, तो मिनिटात कालवून झाला. त्या एकट्याच हसल्या. मग ब्लोअरची वायर ओढत खुराड्यात शिरल्या आणि बटण दाबलं. कोंबड्या सैरावैरा पळाल्या. भुसा, पिसं, वाळलेली घाण, सगळं भिंतीपलीकडच्या सोसायटीत उडालं.

तिथं तळमजल्यावर राहणाऱ्या, आयटीतल्या कल्याणीचे कपडे वाळत होते. ती भिंतीशी आली, केसांत एक पीस.

"वावटळ आली होती गं," द्वारकाबाई गंभीरपणे म्हणाल्या.

कल्याणीनं त्यांच्या हातात पाहिलं. "वावटळीला वायर असते, हे माहीत नव्हतं."

द्वारकाबाई ओशाळल्या. कपडे मी पुन्हा धुऊन देते, म्हणाल्या. कल्याणीनं त्याऐवजी एकदा ब्लोअर चालवायला मागितला. उरलेलं खुराडं दोघींनी मिळून साफ केलं, या खेपेला ब्लोअरचं तोंड मोकळ्या माळाकडं करून.

तेवढ्यात मच्छिंद्रराव परतले. गाल सुजलेला, तोंडात कापूस. कल्याणी हळूच सटकली. मशीनला लावलेली रवी पाहून त्यांचे डोळे विस्फारले. बोलता येईना म्हणून ते तरातरा आत गेले. आता काय आणतायत, या विचारानं द्वारकाबाईंनी पदर खोचला. मच्छिंद्ररावांनी ड्रिलची चावी आणली, रवी घट्ट आवळली आणि कापसाआडून कसंबसं म्हणाले, "हातानं आवळलीस? निसटून लागली असती म्हंजे?"

द्वारकाबाईंनी खोचलेला पदर सोडला.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्ररावांनी लोखंडी पातं घडवून आणलं आणि भरडा कसा कालवायचा ते बायकोला नीट करून दाखवलं. द्वारकाबाईंच्या काही ते लक्षात आलं नाही. महिना झाला, मच्छिंद्रराव अजून रोज सकाळी दाखवतायत.