सहाशे बारा नावांची यादी

मित्रांनो, लॅपटॉपचे वय माणसांच्या हिशेबाने मोजत नाहीत. मला अकरा वर्षे झाली, म्हणजे मी चांगलाच म्हातारा झालो. माझी उजवी बिजागरी तुटली आहे, त्यामुळे पडद्याच्या पाठीशी एक जाड शब्दकोश उभा करावा लागतो. बॅटरी सात मिनिटे टिकते. पंखा असा घरघरतो की शेजारच्या खोलीत कळते, मी जागा आहे.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. एक लांब सरकता पट्टा, हातमोजे घातलेले हात आणि शेवटी पुठ्ठ्याच्या खोक्यातला अंधार. खोके उघडले ते मावशीने. ती घरांचे नकाशे काढायची. सहा वर्षे मी तिच्यासाठी भिंती, जिने आणि खिडक्या आखल्या. काम संपले की ती मला मऊ फडक्याने पुसायची आणि झाकण हळू लावायची. मी कधी दगा देत नाही, असे तिच्या कचेरीत माझे नाव होते. पुढे नकाशे जड झाले, मी धापा टाकू लागलो आणि मावशीने मला तिच्या भाचीच्या हवाली केले.

भाची कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. घरात तिला धाकटी म्हणतात. ती मला उशीवर ठेवायची. त्याने वारा जाण्याची भोके बुजायची, मी तापायचो आणि बंद पडायचो. अर्धा निबंध जायचा. मग ती मला टपली मारायची आणि मावशीला फोन करून माझी गाऱ्हाणी सांगायची. जागा संपत आली, चार्जर सैल आहे, नवे बदल उतरवायचे आहेत, अशा सूचनांच्या चौकटी मी दिवसातून वीस-पंचवीस वेळा पडद्यावर आणायचो. सुरुवातीला ती त्या वाचायची. नंतर चौकट दिसली की न वाचता बटण दाबायचे, अशी तिच्या बोटांना सवय लागली. यात माझाही दोष आहे, हे मी कबूल करतो.

मात्र माझ्या भीतीने तिला एक चांगली सवयही लागली. मी केव्हा मान टाकेन याचा नेम नसल्यामुळे ती रोजचे काम वेगळ्या नावाने जपून ठेवायची. निबंध-एक, निबंध-दोन, निबंध-शेवटचा, निबंध-खरंच-शेवटचा. माझे पोट अशा फाइलींनी भरून गेले होते.

निवडणुकांबद्दल तिची मते ठाम होती. तिची आई बस डेपोत ड्यूटी लावते. कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर, कोणाची सुट्टी कधी, हे तक्ते तिच्या हातचे. आई कामावरून आली की धाकटी तिला बातम्या वाचून दाखवायची आणि मध्येच चिडायची. नेते निवडून आले की बिघडलेले सगळे आधीच्यांमुळे, आणि पडले की मोजणीमुळे. स्वतःमुळे काही बिघडले असे कोणी म्हणत नाही, असे तिचे म्हणणे. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तू उभी राहा ना मग. तुझं भाषण ऐकायला घरात एक मत आहेच."

त्या वर्षी कॉलेजात विद्यार्थी प्रतिनिधीची निवडणूक ठरली. त्याआधी प्रतिनिधी शिक्षकच नेमायचे. धाकटीची जिवलग मैत्रीण उभी राहिली. एकदा सुरू झाली की थांबत नाही म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणायचे. मतदारयादी करायला कोणी तयार होईना, तेव्हा सरांनी ते काम धाकटीला दिले. सहाशे बारा नावे, प्रत्येकासमोर वर्ग आणि ओळखपत्राचा क्रमांक. ती तिने आठ दिवसांत माझ्यात भरली. तेवढ्यात मी तीनदा बंद पडलो, पण एकही नाव गेले नाही.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सरांचा फोन आला. टेबलावर नावे शोधायला सोपे जावे म्हणून यादी अक्षरक्रमाने लावून दे, असे त्यांनी सांगितले. धाकटीने नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावायला सांगितले. मी चौकट आणून विचारले, शेजारचे रकानेही सोबत हलवायचे का? तिने न वाचता बटण दाबले. नावे सरकली. वर्ग आणि क्रमांक जागच्या जागी राहिले. नावे सुरेख ओळीने लागलेली पाहून तिने यादी पाठवून दिली.

सकाळी वाचनालयात रांग लागली. ओळखपत्रावरचा क्रमांक यादीशी जुळेना. ग्रंथपालबाई नियमाला पक्क्या. क्रमांक जुळला नाही की परत. तासाभरात ऐंशी जणांना माघारी जावे लागले आणि मतदान थांबले. दुसऱ्या बाजूच्या मुलांनी गलका केला की यादी रेडिओच्या मैत्रिणीने केली आहे, यात काळेबेरे आहे. सरांनी धाकटीला बोलावले. ती मला छातीशी धरून उभी होती. तिने सांगितले, "सर, माझा लॅपटॉप बिघडलेला आहे. त्यानेच घोळ केला."

कॉलेजात माझी कीर्ती सर्वांना ठाऊक होती, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. तिलाही तेव्हा तसेच वाटत असावे. सर म्हणाले, यंत्राचा भरवसा नाही तर यादीचाही नाही. उद्या दुपारी निवडणूक रद्द झाल्याची सूचना लागेल आणि प्रतिनिधी पूर्वीसारखा आम्हीच नेमू.

दुपारी आई घरी आली तेव्हा धाकटी छापलेली यादी घेऊन बसली होती. आईने चष्मा लावला, दोन पाने उलटली आणि विचारले, "नुसता नावांचा रकाना हलवलास का?"

धाकटीने यादी पुन्हा स्वतःकडे ओढली.

"आमच्याकडे झालंय हे एकदा. एकाला दुसऱ्याची सुट्टी मिळाली, तो खुशाल गावाला निघून गेला. महिनाभर बोलणी ऐकत होते मी. लॅपटॉपनं नाही केलं हे, धाकटे."

धाकटीने माझे झाकण उघडले, आठव्या दिवशीची फाइल काढली आणि छापलेल्या यादीशेजारी धरली. जुन्या फाइलीत सगळे क्रमांक बरोबर होते. तिने एकेका क्रमांकावर बोट ठेवून पाहिले. मग म्हणाली, "आता सांगितलं तर सगळे म्हणतील, मैत्रिणीसाठी मुद्दाम केलं. रेडिओचं नाव उमेदवारांतून काढतील."

"म्हणतील. काढतीलही कदाचित."

"मग?"

"मग काय? नाही सांगितलंस तर सहाशे बारा जणांचं मत गेलं. तुझं तू ठरव. मी हातपाय धुऊन येते."

माझ्या पडद्यावर नेत्यांच्या सबबींवरचा तिचा निबंध अजून उघडा होता. तिने तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या टेबलावर तिने मला ठेवले, पाठीशी शब्दकोश लावला आणि दोन्ही फाइली दाखवल्या. दुसऱ्या बाजूचा उमेदवारही तिथे होता. "लॅपटॉपचा दोष नव्हता, सर. माझा होता. त्यानं विचारलेलं मी वाचलं नाही." सरांनी विचारले, मुद्दाम केले नाही हे कशावरून? धाकटी म्हणाली की ते सिद्ध करायला तिच्याकडे काही नाही; मात्र बरोबर यादी आहे, ती कोणाकडूनही तपासून घ्यावी.

दुसऱ्या बाजूच्या उमेदवारानेच तासभर बसून ती ओळखपत्रांच्या नोंदवहीशी ताडून पाहिली. एकही चूक निघाली नाही. रेडिओचे नाव राहिले. दोन दिवसांनी मतदान झाले आणि रेडिओ नऊ मतांनी पडली. पहिल्या दिवशी माघारी गेलेल्यांपैकी बरेच जण पुन्हा आलेच नव्हते. त्यांत आपले किती होते, हे रेडिओने धाकटीला एकदाच विचारले आणि महिनाभर तिच्याशी बोलली नाही. हल्ली बोलते, पण पूर्वीइतके नाही.

मित्रांनो, आता मी वाचनालयातच असतो. धाकटीने मला तिथे देऊन टाकले. भिंतीतल्या विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरीची चिंता मिटली. ग्रंथपालबाई सकाळी माझ्यावरची धूळ झटकतात. मतदानाच्या आठवडाभर आधी माझ्यातली यादी छापून दाराबाहेर लावतात. चुका सांगायला या, असे खाली ठळक लिहिलेले असते. मुले घाईत असतात. शंभरातली दहा थांबतात.

तुम्ही थांबा. गर्दी असली तरी जवळ जा, आपल्या नावावर बोट ठेवा आणि समोरचा क्रमांक आपलाच आहे ना, ते बघा. मला सांगितले जाते तेवढेच मी छापतो. माझ्यात काय भरले गेले, ते तुम्हालाच बघावे लागते.