परदेशी रखवालदार

नृसिंह गुरुजींना पारनेरमध्ये सगळे विचारायला येतात. साखरपुडा कधी करावा, पाया कुठल्या दिवशी खणावा, नवी गाडी शनिवारी आणली तर चालेल का. गुरुजी पंचांग उघडतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि सांगून टाकतात. छत्तीस वर्षांत त्यांनी कुणाला 'उद्या या, बघतो' असं म्हटलेलं नाही. अशा माणसावर त्या भाद्रपदात स्वतःच लोकांना विचारत फिरायची पाळी आली. तीही कशासाठी, तर कॉम्प्युटरमधल्या अँटिव्हायरसवर विश्वास ठेवायचा की नाही, यासाठी.

कॉम्प्युटर त्यांच्या बायकोचा. सुमेधाबाईंनी सव्वीस वर्षं अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळांमध्ये शिकवलं. तिथल्या बायामाणसांच्या तोंडचे शब्द त्या टिपत गेल्या. भाताच्या जाती, पावसाच्या तऱ्हा, गुरांचे आजार, रानभाज्या, भांडणातल्या शिव्यासुद्धा. शब्दापुढे अर्थ, आणि अर्थापुढे सांगणाराचं नाव, गाव, साल. वह्यांना वाळवी लागली तेव्हा उरलंसुरलं आणि आठवणीतलं सगळं त्यांनी दोन बोटांनी कॉम्प्युटरवर चढवलं. त्याला आठ वर्षं लागली. चार हजारांवर शब्द झाले. आणि मग, दोन वर्षांपूर्वी, शब्द बाईंनाच सोडून जायला लागले. आधी शेजारणीचं नाव गेलं, मग चिमट्याला चिमटा म्हणतात हे गेलं, मग फोडणीत भाजी टाकल्यावर पुढं काय करायचं असतं ते. नगरच्या डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार सांगितला. बरा होणार नाही, हेही तिथंच सांगून टाकलं.

पण एक गोष्ट राहिली होती. रोज सकाळी चहा झाला की गुरुजी कॉम्प्युटर लावत आणि बाईंना शेजारी बसवून त्यातला एखादा शब्द वाचून दाखवत.

"राब," गुरुजी वाचायचे. "भाताचं रोप टाकण्याआधी पालापाचोळा पसरून भाजलेली जमीन. सांगणार ठकूबाई."

"ठकूबाईचा पाय भाजला होता त्यात," सुमेधाबाई लगेच म्हणायच्या. "तरी तशीच लंगडत आली, दूध घेऊन. मी रागावले तर म्हणाली, पाय माझा, तुमाला कशाला दुखतोय?"

आणि हसायच्या. ते हसणं अगदी पूर्वीचं होतं. त्या दहा मिनिटांत बाई घरात असायच्या, उरलेला दिवस त्या कुठं असायच्या कुणास ठाऊक. गुरुजी अलीकडे सकाळची पूजासुद्धा जरा घाईनं उरकत, ती या दहा मिनिटांसाठी. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, देवाला मात्र कळलं असणार.

त्या कॉम्प्युटरवर सहा वर्षांपासून एक परदेशी अँटिव्हायरस होता. स्टँडजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या हर्षलनं तो टाकला होता. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी खूण दिसायची. झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेन ड्राइव्ह लावला की तो टुंग करून वाजायचा, म्हणजे काहीतरी घाण धरली. गुरुजी त्याला गमतीनं रखवालदार म्हणत.

मग टीव्हीवर सुरू झालं. त्या कंपनीवर म्हणे हेरगिरीचे आरोप आहेत, तिच्या देशाचं सरकार तिच्यामार्फत जगभरातल्या कॉम्प्युटरांत डोकावतं, कुठल्याशा मोठ्या देशानं तिच्यावर बंदी घातली. कंपनी म्हणत होती की सगळं खोटं आहे. टीव्हीवाल्यांचं काय जातं, त्यांना संध्याकाळपर्यंत काहीतरी पेटवायचं असतं आणि सकाळी राख झाडायलाही कुणी नसतं. गुरुजींनी दुर्लक्ष केलं असतं. पण अर्णवचा फोन आला.

अर्णव त्यांचा एकुलता एक मुलगा, नगरला संरक्षण खात्याच्या एका कार्यालयात नोकरीला.

"बाबा, तुमच्या कॉम्प्युटरवर तेच आहे ना? काढून टाका."

"खरं आहे का ते, हेरगिरीचं?"

"आरोप आहेत. पुरावा कुणी उघड दाखवलेला नाही. पण आमच्याकडे परिपत्रक निघालंय. घरातल्या कॉम्प्युटरवर हे नाही, असं सही करून द्यायचंय. मी सणावाराला आलो की तिथंच ऑफिसचं मेल उघडतो, माहीत आहे ना तुम्हाला?"

"आणि निघालं तर?"

"तर चौकशी."

गुरुजींना घास गोड लागेना. ठकूबाईच्या भाजलेल्या पायाचं कुठल्या परदेशी सरकारला काय करायचंय, असं एकदा वाटे. लगेच दुसरं वाटे, कुणीतरी तिकडं बसून सुमेधाचे शब्द न विचारता वाचत असेल तर? पाहुणा आला तर त्याचं गाव, गोत्र, कुणाचा कोण हे विचारून गुरुजी त्याला जोखत. या सॉफ्टवेअरचं गोत्र कुणाला विचारायचं? शेवटी ते हर्षलच्या दुकानात गेले.

हर्षलनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "गुरुजी, आमी धा वर्सं ह्येच टाकतोय लोकांला. लई पकडतंय. आता त्ये तिकडं जाऊन काय सांगतंय, मला हितं बसून कसं दिसनार?"

"म्हणजे विश्वास ठेवायचा का नाही?"

"पकडतंय, यवढं मी सांगू शकतो. इमान कुनाशी हाय, त्ये न्हाई सांगता येनार." मग म्हणाला, "काढायचं तर काढा. पन लगीच दुसरं टाका. उघडं ठिवू नगा."

पौर्णिमेला दुपारी गुरुजींनी रखवालदाराला निरोप दिला. फोनवर अर्णव सांगत होता आणि ते तशी बटणं दाबत होते. खरंच काढायचं का, असं रखवालदारानंच पडद्यावर दोनदा विचारलं. एवढ्या सगळ्या प्रकरणात गुरुजींना इतक्या अदबीनं दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी हो म्हटलं. हिरवी खूण गेली.

"नवं, आपल्याकडचंच, पाठवतोय," अर्णव म्हणाला. "आलं की लगेच टाका. आणि बाबा, आईच्या फाईलची एक प्रत इंटरनेटवर ठेवू का?"

"अजिबात नको. मग ते परदेशातच गेलं की. पेन ड्राइव्हवर आहे एक."

नवं पाकीट ओळखीच्या कंडक्टरबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलं. तो दिवस होता प्रतिपदेचा, म्हणजे पितृपक्ष लागलेला. चकचकीत सीलबंद पाकीट हातात घेऊन गुरुजी ओसरीवर उभे राहिले. पक्षात घरात नवं काही सुरू करायचं नाही, हे ते छत्तीस वर्षं गावाला सांगत आले होते. त्याच सकाळी एका यजमानाला त्यांनी ट्रॅक्टर घटस्थापनेनंतर आणा म्हणून बजावलं होतं, आणि बिचाऱ्यानं मुकाट ऐकलंही होतं. लोकांना सांगायचं एक आणि घरात करायचं दुसरं, हे गुरुजींच्याने होणारं नव्हतं. त्यांनी पाकीट देवघराच्या कडेला ठेवलं. पंधरा दिवसांचा तर प्रश्न होता.

"टाकलं का, बाबा?" अर्णवनं संध्याकाळी विचारलं.

"हो," गुरुजी म्हणाले.

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की ते पटकन खपतं. अर्णवनं पुन्हा विचारलं नाही.

पक्ष म्हणजे गुरुजींचा ऐन कामाचा काळ. रोज दोन दोन श्राद्धं. यजमानांना द्यायला सामानाच्या याद्या छापून हव्या होत्या. द्वादशीला ते पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले, चाळीस प्रती काढल्या, घरी आले आणि एका यजमानाचं नाव चुकलं होतं ते दुरुस्त करायला पेन ड्राइव्ह लावला. टुंग झालं नाही. गुरुजींना बरं वाटलं. चला, आज घाण नाही म्हणायची.

त्रयोदशीला सकाळी चहा झाल्यावर त्यांनी सुमेधाबाईंना खुर्चीवर बसवलं आणि फाईल उघडली. उघडली नाही. दुसरी उघडेना, तिसरी उघडेना. प्रत्येक फाईलच्या नावापुढं काहीतरी अगम्य अक्षरं चिकटली होती. मधोमध इंग्रजीत एक चिठ्ठी होती, की तुमच्या सगळ्या फाइली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत आणि किल्ली हवी असेल तर पैसे भरा. पेन ड्राइव्ह तसाच लावलेला राहिला होता. त्यातही तेच. बाई शेजारी हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलीसारख्या वाट पाहत बसल्या होत्या.

हर्षल मशीन घेऊन गेला. चतुर्दशीला सकाळी गुरुजी दुकानात गेले तेव्हा तो त्यांच्याकडे बघेना.

"गुरुजी, कुलूप त्यांनी लावलंय, किल्ली त्यांच्यापाशी. आन् पैशे भरून किल्ली मिळाल्याली मी तरी पाह्यली न्हाई."

"कोण आहेत कोण हे?"

"कुन्या देशाचे हायेत, कुनालाच म्हाईत न्हाई."

"जुना असता तर?"

हर्षलनं उगीच एक वायर गुंडाळली. "थांबवलं असतं बहुतेक. पक्कं कसं सांगू?"

गुरुजी बाकावर बसून राहिले. बसल्या बसल्या त्यांच्या मनात जे आलं, ते महिन्याभरापूर्वी कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला हाकलून दिलं असतं. ते एकदम म्हणाले, "हर्षल, तो जुना हेरगिरी करत होता ना? सगळं तिकडं पाठवत होता ना? मग तिकडं असेल की! सुमेधाचं सगळं असेल तिकडं. आपण मागू."

हर्षलनं त्यांच्याकडे पाहिलं आणि नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. दोघांनी मिळून कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. आमची काही तक्रार नाही, तुम्ही नेलं असेल तर आम्ही कुठंही बोलणार नाही, फक्त एक प्रत द्या, ती एका आजारी बाईसाठी हवी आहे. गुरुजींनी शेवटी 'आपला नम्र' लिहायला लावलं. आयुष्यात त्यांनी कुणाकडे इतकी कळवळून याचना केली नव्हती. त्या दिवशी, रात्र होईपर्यंत, टीव्हीवरचे सगळे आरोप खरे निघावेत म्हणून ते देवाला विनवत राहिले.

अमावास्येला सकाळी उत्तर आलं. हर्षलनं ते घरी येऊन वाचून दाखवलं. आम्ही ग्राहकाची कुठलीही फाईल कधीही नेत नाही, ठेवत नाही. आमच्यावरचे आरोप निराधार आहेत. आपल्या नुकसानीबद्दल खेद वाटतो.

त्या कंपनीवर गुरुजींचा पूर्ण विश्वास बसला तो त्या क्षणी.

हर्षल गेल्यावर ते देवघरापाशी आले. पाकीट तिथंच होतं. आणि मग त्यांना आठवलं, गेल्या वर्षी याच पंधरवड्यात एका यजमानानं घाबरत घाबरत विचारलं होतं, आईला नवं मशीन आणायचंय श्वास घ्यायचं, पक्षात आणलं तर? गुरुजी त्याच्यावर केवढ्यांदा ओरडले होते. औषधपाण्याला कसला आलाय पक्ष, आधी जा आणि घेऊन ये. दुसऱ्यासाठी क्षणाचा विचार लागला नव्हता. स्वतःच्या बायकोच्या वेळी हे एक वाक्य त्यांना सुचलं नाही. अर्णवनं सांगितलं होतं, हर्षलनं सांगितलं होतं, आणि नाही सुचलं. त्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. त्यानं काहीच झालं नाही.

तीन दिवस ते आठवून आठवून शब्द सांगायचा प्रयत्न करत होते. चार हजारांतले वीससुद्धा धड आठवले नव्हते. आज सकाळी ते 'ठकूबाई' म्हणाले तेव्हा सुमेधाबाईंनी विचारलं होतं, "कोण हो?"

आता त्या खिडकीशी बसून लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत होत्या. गुरुजी त्यांच्यापुढं जमिनीवर बसले. खोटं एकदा बोलून झालं होतं, आणखी बोलायची ताकद नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. रखवालदार काढला ते, पाकीट ठेवून दिलं ते, अर्णवशी खोटं बोललो ते, आणि सव्वीस वर्षांचे शब्द गेले ते. सांगता सांगता ते रडायला लागले.

सुमेधाबाईंनी मन लावून ऐकलं. मग पदरानं त्यांचे डोळे पुसले.

"रडू नका हो असं. कुणाचं होतं ते एवढं काम?"

गुरुजी म्हणाले, "एका बाईंचं. शाळेत शिकवायच्या."

"अरेरे." बाई हळहळल्या. "त्यांना सांगितलंत का?"

"आत्ताच सांगितलं."

"मग? रागावल्या का फार?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "नाही रागावल्या."